एका महिन्याचं भांडण

कालनिर्णयचं ऑगस्टचं पान मी दरवर्षी गरजेपेक्षा जास्त वेळ वाचत बसतो. पंधरा तारखेच्या चौकटीत स्वातंत्र्यदिन ठरलेलाच, पण त्याला सोबत कोणाची हे दरवर्षी बदलतं. २०१७ साली दहीहंडी होती, २०१९ साली राखीपौर्णिमा, २०२५ साली गोकुळाष्टमी. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण तर स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीपासून त्याच तारखेवर मुक्काम ठोकून आहे. म्हणून वसईत मिस्सा आटोपला की चर्चच्या आवारातच झेंडावंदन होतं. अरविंद घोषांचा जन्मही १५ ऑगस्टचा, १८७२चा. जपानची शरणागती, माउंटबॅटन यांचा हट्ट, ज्योतिषांची कुरकुर, १९४७चा तो रमजानमधला अखेरचा शुक्रवार, हे सगळं वाचकांना पाठ आहे. ते सोडून देतो.

मला नाद लागला तो २०२४पासून त्या चौकटीत येऊन बसलेल्या एका नोंदीचा: पारशी नववर्ष (शहेनशाही).

बाकीचे सण पंधरा ऑगस्टला येतात तसे जातात. तिथी दहा-अकरा दिवस मागे सरकते, मग अधिक महिना येऊन तिला पुन्हा पुढे लोटतो. पारशी पंचांगाचा कारभार निराळा आहे. तीस-तीस दिवसांचे बारा महिने, शेवटी गाथांचे पाच दिवस, एकूण ३६५. लीप वर्षाचा हिशेबच नाही. त्यामुळे नवरोझ साधारण दर चार वर्षांनी एक तारीख मागे येतो. २०२० ते २०२३ तो १६ ऑगस्टला होता. २०२४ ते २०२७ अशी चार वर्षं तो १५ला आहे. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी हाच हिशेब ४ सप्टेंबरला येतो. म्हणजे झेंड्यापर्यंत पोचायला नवरोझला सत्त्याहत्तर वर्षं लागली. एकदा हातचा गेला की पुन्हा या तारखेला येईल तो सुमारे दीड हजार वर्षांनी.

महाराष्ट्र सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत या वर्षांत एकाच तारखेसमोर दोन नावं दिसतात आणि नोकरदारांची एक सुट्टी बुडते. पारशी मंडळी यावर काय म्हणतात ते सभ्य अंकात छापता येण्यासारखं नाही.

पण पंधरा ऑगस्टच का? कदमी पारश्यांचा नवरोझ या चार वर्षांत १६ जुलैला येतो, बरोबर तीस दिवस आधी. फसली पंथाचा तर २१ मार्चला. एक धर्म, एक इराणी शक (यज्दगर्द बादशहाच्या राज्यारोहणापासून, सन ६३२पासून मोजलेला), आणि नवी वर्षं तीन. मधले हे तीस दिवस कुठून आले, यावरून सुरत, भरूच आणि मुंबईत शंभर वर्षं रणं माजली. अधिक महिना धरावा की धरू नये, यावर टिळक पंचांगवाले आणि इतर यांच्यात जे झालं, त्याची ही थोरली बहीण. फरक इतकाच की आपल्याकडे कोणी फासावर गेलं नाही.

सुरुवात एका पाहुण्यापासून झाली. १७२०च्या सुमारास किरमाणहून जामास्प नावाचे दस्तूर, म्हणजे धर्मगुरू, सुरतेला आले. परदेशचे म्हणून लोक त्यांना जामास्प विलायती म्हणत. त्यांच्या ध्यानात आलं की इथले जरथुष्ट्री इराणातल्या आपल्या भाईबंदांपेक्षा एक महिना मागे चालले आहेत. गृहस्थ शहाणे होते. समाजात फूट पडेल म्हणून हे बाहेर न बोलता त्यांनी तीन शिष्यांना विद्या शिकवली आणि परतीची वाट धरली. अशी गोष्ट कधी झाकून राहते का? १७४५ साली सुरतेतल्या काही घराण्यांनी इराणी गणना स्वीकारली. ते कदमी झाले, उरलेले शहेनशाही.

शहेनशाहींचं म्हणणं असं: जुन्या इराणात दर १२० वर्षांनी एक महिना वाढवायची चाल होती, तिला कबिसा म्हणत. आपल्या पूर्वजांनी हिंदुस्थानात आल्यावर असा एक महिना वाढवला, पुढे ती चाल मोडली. कदमी म्हणत, धर्माच्या कालगणनेत कबिसा कधी नव्हताच, तुमचा तो महिना म्हणजे निव्वळ घोळ. बऱ्याच अभ्यासकांना आज १२० वर्षांच्या कबिसाला भक्कम पुरावा दिसत नाही. मलाही कदमींची बाजू जास्त पटते. पण डोकी मोजली तर शहेनशाही फार जास्त, तेव्हाही आणि आताही.

एका महिन्यासाठी इतकं? पारशी प्रार्थनेत आजचा रोज कोणता आणि माह कोणता हे नाव घेऊन म्हणावं लागतं. माह चुकला तर प्रार्थना भलत्याच पत्त्यावर गेली. मृतांचे दिवसही रोज आणि माह यांवरूनच पाळायचे. तेव्हा भांडण पंचांगाचं दिसलं तरी ते आपल्या मेलेल्या आईबापांपर्यंत पोचत होतं.

१७८३ साली भरूचच्या होमाजी जमशेदजी नावाच्या माणसाला मुंबईत फाशी झाली. या दोन पक्षांच्या झगड्यात त्याने एका गरोदर बाईला लाथ मारली आणि तिचा गर्भ पडला, असा आरोप होता. होमाजी अखेरपर्यंत म्हणत राहिला की आळ खोटा आहे. लोकांनी न्यायाधीशापेक्षा होमाजीवर विश्वास ठेवला. ‘होमाजीनी बाज’ या नावाने त्याचा दिवस आजही पाळला जातो, आणि खोट्या आळात सापडलेला पारशी त्याचं नाव घेतो. संत म्हणावं असं त्याच्या चरित्रात दुसरं काही नाही. पंचांगाच्या भांडणातून देवपणाला पोचलेला माणूस माझ्या माहितीत हा एकच.

कदमींनी दरम्यान दुसरा मार्ग धरला होता. १७६८ साली त्यांनी मुल्ला काऊस या विद्वानाला अठ्ठ्याहत्तर प्रश्न देऊन इराणला पाठवलं. सोबत त्याचा दहा वर्षांचा मुलगा. यज्द, किरमाण, इस्फहान, बगदाद असं फिरून बापलेक परतले ते १७८०मध्ये. मुलगा तोवर ऐन तारुण्यात आला होता. त्यांनी आणलेली उत्तरं ‘इथोतेर रिवायत’ म्हणून ओळखली जातात. १७८३च्या २९ सप्टेंबरला मुंबईत दादीशेठ यांचं कदमी आतश बेहराम (अग्निमंदिर) उभं राहिलं आणि काऊस त्याचे पहिले दस्तूर झाले. ही तारीख मी उलट मोजून पाहिली. कदमी गणनेने तो फर्वर्दीन महिन्यातला सतरावा रोज, सरोश. होमाजीच्या फाशीचं आणि या आतश बेहरामचं साल एकच निघतं, हे मात्र मोजायची गरज नव्हती.

तो मुलगा म्हणजे मुल्ला फिरोज. माझा जीव या माणसात अडकला. फारसीचा पंडित, मुंबईच्या गोऱ्या साहेबांच्या बैठकीतला, इंग्रजांच्या हिंदुस्थानविजयावर ‘जॉर्जनामा’ नावाचं फारसी महाकाव्य रचणारा. वडिलांना इस्फहानला सापडलेला ‘दसातीर’ हा ग्रंथ प्राचीन समजून त्याने १८१८ साली मुंबईत छापला. तो खूपच अलीकडचा आणि बनावट असल्याचं पुढे सिद्ध झालं. १८२०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत कबिसावर जाहीर वादसभा झाल्या तेव्हा कदमींचा सेनापती हाच. समोर शहेनशाहींचे दस्तूर एदलजी दाराबजी संजाणा. एदलजींनी १८२८ साली ‘खोरेहे वेहिजक’ काढलं, मुल्ला फिरोजने १८३०मध्ये ‘अवीजेह दीन’ काढून त्याचा समाचार घेतला आणि त्याच वर्षी देह ठेवला. त्याच्या हस्तलिखितांचा संग्रह फोर्टमधल्या कामा प्राच्यविद्या संस्थेत आहे.

या लढाईत खरा पोळला तो मात्र एक छापखानेवाला. फर्दुनजी मर्झबान मुल्ला फिरोजच्या ग्रंथसंग्रहात वाढलेला. १८१२ साली त्याने मुंबईत गुजराती छापखाना घातला, खिळे स्वतः पाडले, आणि १८१४ साली छापून काढलं ते पहिलं गुजराती पंचांग. १८२२मध्ये त्याने ‘मुंबई समाचार’ सुरू केला, तो आजही निघतो. कबिसाचा वाद त्याच्या पानांतून पेटला. १८३२ साली फर्दुनजी मुंबई सोडून पोर्तुगीजांच्या दमणला गेला. धंद्यातली खोट आणि कबिसाच्या वादातलं वैर, अशी दोन्ही कारणं सांगितली जातात. १८४७मध्ये तो दमणलाच वारला. पहिलं पंचांग छापणाऱ्याला पंचांगानेच गावाबाहेर काढलं.

पुढची दोन-तीन दशकं पत्रकं निघत राहिली, भाषा तीच, तेज कमी. मग खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी तिसरंच काढलं: ऋतूंशी जुळणारं, लीप वर्ष धरणारं फसली पंचांग, नवरोझ २१ मार्चला. १९०६ साली त्यासाठी मंडळ निघालं. तर्काने पाहिलं तर हे सगळ्यांत नीटनेटकं, आणि अनुयायी सगळ्यांत थोडे. दुसऱ्याच वर्षी २२ ऑगस्ट १९०७ला श्टुटगार्टमध्ये हिंदुस्थानचा झेंडा फडकवणाऱ्या मादाम भिकाजी कामा या याच खरशेदजींच्या सूनबाई. सासऱ्याने समाजाला नवं पंचांग देऊ केलं, सुनेने देशाला झेंडा. आणि गणित करून पाहिलं तर १९०४ ते १९०७ या चार वर्षांत कदमी नवरोझ पडत होता १५ ऑगस्टला. तेव्हा त्या तारखेला देशाच्या लेखी कसलंच महत्त्व नव्हतं.

म्हणजे कदमी जिंकले असते तर पंधरा ऑगस्टची भेट झेंडा नसतानाच उरकली असती. कामांचं चाललं असतं तर कधीच झाली नसती. ज्यांची बाजू पुराव्यात लंगडी होती त्यांची संख्या मोठी, म्हणून नवरोझ आज लाल किल्ल्यावरच्या भाषणाच्या दिवशी येतो. २०११च्या जनगणनेत देशात पारशी होते ५७,२६४. एवढ्याशा समाजाने तीन पंचांगं सांभाळली आहेत याचं मला तरी कौतुकच वाटतं. एकमत करून टाकण्याची त्यांना घाई नाही.

या चार वर्षांत ५ ऑगस्टपासून मुक्ताद, म्हणजे मृतांच्या स्मरणाचे दिवस, असतो. अग्यारीत संगमरवरी टेबलांवर चांदीचे करासिये मांडलेले, प्रत्येक घराण्याचा वेगळा, त्यांत रोज बदललेली फुलं. १४ला शेवटची गाथा, वर्तमानपत्रं जिची नववर्षाशी हमखास गल्लत करतात ती पतेती. पंधराला सकाळी उंबऱ्यावर चुन्याच्या चाळणीने उमटवलेले मासे, दाराला तोरण, न्याहारीला रवो आणि दह्यासोबत शेव, दुपारी सास-नी-मच्छी किंवा सली-बोटी. धनसाक मात्र नाही. ते घरात कोणी गेल्यावर चौथ्या दिवशीचं जेवण. संध्याकाळी नाटक. मुंबईत ही नाटकं गाजवली ती आदी मर्झबान यांनी, दमणला गेलेल्या त्या फर्दुनजींच्याच घराण्यातले. पंचांगाने पळवलं त्या घराने नवरोझलाच शहराला पोट धरून हसवलं.

२०२५ साली याच दिवशी कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला, आधार दाखवला १९८८च्या ठरावाचा, आणि स्वातंत्र्यदिनी काय खावं यावर आठवडाभर राज्य तापलं. बोटीशिवाय ज्या घरांत नवं वर्ष लागत नाही ती घरंही याच राज्यात आहेत, एवढं त्या ठरावाच्या कागदाला कुठून ठाऊक असणार!

२०२८पासून नवरोझ १४ ऑगस्टला सरकेल. त्या वर्षी १४ तारखेला सोमवार आहे. मुंबईच्या नोकरदारांना शनिवार ते मंगळवार सलग सुट्टी लागेल आणि बुडलेल्या सुट्टीची भरपाई होईल. कराचीत मात्र आपली अडचण तिकडे पोचेल. फाळणीपूर्वी जमशेद नसरवानजी मेहता यांच्यासारखा महापौर त्या शहराला देणारा पारशी समाज आता तिथे मूठभर उरला आहे. २०३१पर्यंत चार वर्षं त्यांचा शहेनशाही नवरोझ पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाशी तारीख वाटून घेईल. २०३२ साली तो १३ला जाईल.