खेळाडूचा उपचारक आणि सीमेपलीकडील सनद

अंधेरीच्या क्रीडासंकुलांत कबड्डीचा सामना रंगांत आला असतां एखादा तरुण गुडघा धरून खालीं बसतो, आणि कडेला उभा असलेला एक मनुष्य पेटी घेऊन धांवतो. सांधा हलवून पाहणें, पट्टी बांधणें, खेळाडूला पुन्हां उतरूं द्यावें कीं नाहीं हें ठरविणें, हीं सर्व कामें त्याचीं. अमेरिकेंत अशा मनुष्यास 'अ‍ॅथलेटिक ट्रेनर' म्हणतात, व बहुतेक राज्यांत त्यास सरकारी सनद लागते. भारतांत तें काम बहुधा भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, करतो. हाच संघ उद्यां सुरतेस खेळावयास गेला, तर महाराष्ट्रांत नोंदलेल्या या उपचारकाचा अधिकार सीमेपलीकडे चालेल काय?

प्रथम पदवी आणि नोंदणी यांतील भेद लक्षांत घेतला पाहिजे. मनुष्य काय शिकला, तें पदवी सांगते. त्याच्या हातून चूक झाल्यास जाब कोण विचारणार, तें नोंदणी सांगते. पतियाळा येथें १९६१ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका मिळविलेला मार्गदर्शक खेळ उत्तम शिकवील. परंतु ती पदविका म्हणजे उपचाराची सनद नव्हे.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत भौतिकोपचाराची शाळा १९५३ सालीं निघाली. या व्यवसायाची नोंदवही ठेवणारा कायदा महाराष्ट्रांत यावयास मात्र जवळजवळ अर्धें शतक लागलें. व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा तो अधिनियम २००२ सालचा. दिल्लीचा कायदा १९९७ चा, गुजरातचा २०११ चा. कित्येक राज्यांत तर २०२१ पर्यंत असा कायदाच नव्हता.

या विषमतेचें मूळ राज्यघटनेंत सांपडतें. वैद्यकीय व इतर व्यवसाय हा विषय समवर्ती सूचींतील २६ व्या नोंदींत येतो. म्हणून केंद्र व राज्य या दोघांनाही त्यावर कायदा करतां येतो. परिचारिकांच्या बाबतींत केंद्रानें तो १९४७ सालींच केला. मान्यताप्राप्त पात्रता कोणत्याही राज्याच्या नोंदवहींत नांव घालण्यास पुरेशी समजावी, असें त्यानें ठरविलें. केरळांत शिकलेली परिचारिका मुलुंडच्या रुग्णालयांत रुजू होऊं शकते, त्याचा पाया हाच. भौतिकोपचारकांविषयीं मात्र केंद्रानें दीर्घकाळ असा कायदा केला नाहीं.

अमेरिकेंतही सनद राज्याराज्याचीच. संघाबरोबर परराज्यांत गेलेल्या उपचारकास तेथें विम्याचें संरक्षण मिळेल कीं नाहीं, ही मोठी शंका होती. २०१८ सालच्या कायद्यानें ती दूर केली: विमा कंपनीस आधीं कळविलेलें असल्यास, विम्यापुरती ती सेवा स्वतःच्याच राज्यांत दिली असें मानावें. रुग्णालयांतील उपचारांस मात्र ही सवलत नाहीं. त्याच वर्षीं भौतिकोपचारकांसाठीं राज्याराज्यांतील करारही अमलांत आला. करारांत सामील असलेल्या राज्याचा सनदधारक दुसरी पूर्ण सनद न काढतां तशाच दुसऱ्या राज्यांत कामाचा परवाना मिळवूं शकतो.

भारतानें कराराऐवजीं एकाच कायद्याचा मार्ग धरला. २०२१ सालच्या केंद्रीय कायद्यानें सहवैद्यकीय व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीं राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा आणि एक मध्यवर्ती नोंदवही ठरविली. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीस किमान ३६०० तासांचें शिक्षण त्यांत सांगितलें आहे. नोंदणीवांचून व्यवसाय करणाऱ्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु कायदा झाला म्हणजे वही भरली, असें होत नाहीं. राज्य परिषदेनें प्रत्येक नांव तपासून नोंदविलें, तरच त्या वहीवर परक्या गांवींही भरंवसा ठेवतां येईल.

म्हणून बोरिवलीच्या एखाद्या घरांतील मुलगी संघाबरोबर परराज्यांत निघाली, तर गाडीची वेळ विचारतांना वडील मंडळींनीं आणखी दोन प्रश्न विचारावेत. बरोबरच्या उपचारकाचें नांव कोणत्या नोंदवहींत आहे? आणि कांहीं विपरीत घडल्यास दाद कोणाकडे मागावयाची? ज्या संघाजवळ या प्रश्नांचीं उत्तरें तयार आहेत, त्याच्या हातीं मुलीचा गुडघा निर्धास्तपणें सोंपवावा.