वेबसाइटवर जाहिराती लावून महिन्याला किती मिळतात? कट्ट्यात बसून गणित मांडूया



"वेबसाइट काढली तर महिन्याक किती पैसे गावतले?" मालवण तालुक्यात जोडधंद्याचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. आज त्याचं उत्तर आकड्यांत काढूया. उदाहरण म्हणून कट्टा बाजारपेठेतला एखादा माणूस धरा. दुकान किंवा नोकरी सांभाळून तो रोज तासभर वेळ काढू शकतो.

पैसे येतात कुठून?

गूगल ॲडसेन्स 2003 पासून सुरू आहे. जाहिरातदार गूगलला पैसे देतो, गूगल आपला वाटा कापतो आणि उरलेले वेबसाइटवाल्याला मिळतात. तो वाटा साधारण 68 टक्के पडतो. पूर्वी मुख्यतः क्लिकवर पैसे मिळायचे. 2024 पासून जाहिरात किती वेळा दिसली यावर हिशोब होतो. ॲडसेन्सला मराठी मजकूर चालतो, त्यामुळे इंग्रजीची भीती बाळगू नका.

लक्षात ठेवायचा शब्द एकच, आरपीएम. म्हणजे तुमची पानं हजार वेळा उघडली गेली तर किती रुपये मिळाले. विषय, वाचक कुठला, महिना कुठला यावर तो बदलतो. दिवाळी ते डिसेंबर जाहिरातदार हात सैल सोडतात, जानेवारीत आवळतात.

आता गणित

समजा आरपीएम 50 रुपये आहे आणि रोज 300 पानं बघितली जातात.

- महिन्याची पानं: 9,000
- महिन्याची कमाई: 450 रुपये
- डॉलरमधल्या खात्यातून पैसे निघायला लागतात: 100 डॉलर. डॉलर 85 रुपये धरला तर 8,500 रुपये
- पहिला पैसा बँकेत यायला लागणारा वेळ: जवळजवळ 19 महिने

वाचून निराश झालात? होऊ नका. पण "घरबसल्या लाखो" म्हणणाऱ्याला कोर्सची फी भरण्याआधी हे गणित त्याच्यासमोर ठेवा आणि काय उत्तर देतो ते बघा.

मग वेबसाइट काढायचीच नाही का? काढायची. पण दोन गोष्टी बदलायच्या: विषय आणि जाहिरातदार.

विषय: जे कट्ट्यातल्या माणसालाच ठाऊक असतं

"कोकणातली 10 सुंदर ठिकाणं" हा लेख लिहू नका. मोठ्या ट्रॅव्हल कंपन्यांनी तो आधीच लिहिलाय. शिवाय ऑगस्ट 2024 पासून भारतातही गूगल बऱ्याच प्रश्नांची उत्तरं एआयकडून तयार करून सगळ्यात वर दाखवतो. वरवरची माहिती तिथेच मिळाली तर तुमच्या पानावर कोण कशाला येईल?

तुमचं भांडवल म्हणजे जागेवर असणं. तीन उदाहरणं बघा.

*किल्ल्याची होडी.* सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवा आणि जलक्रीडा पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, बंद असतात. इतर महिन्यांतही वारा आणि समुद्र बघूनच होडी सुटते. पुण्याहून मुलाबाळांना घेऊन निघणाऱ्या माणसाला "आज होडी चालू आहे का?" एवढंच हवं असतं. हे पान रोज सकाळी जेट्टीवर एक फोन करून ताजं ठेवता येतं.

*आंगणेवाडीची जत्रा.* भराडी देवीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरवर ठरलेली नसते. देवीचा कौल घेऊन ती ठरते, आणि मग अख्खी मुंबई ती शोधते. तारीख वर्तमानपत्रं तासाभरात देतात, त्यात तुमचा पाड लागणार नाही. पण कणकवलीला उतरावं की कुडाळला, एसटी कुठून मिळेल, गाडी कुठे लावायची, म्हाताऱ्या माणसाला किती चालावं लागेल, हे तुम्ही लिहू शकता. तेच पान दरवर्षी नव्याने कामाला येतं.

*धामापूरचा तलाव.* 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. नाव ऐकून लोक शोधतात, पण रस्ता, जवळची जेवणाची सोय, कुठल्या महिन्यात जावं हे सांगणारा माणूस लागतो.

अशी 25-30 पानं नीट केलीत तर 300 नेट वाईट पाटी लिहिण्यापेक्षा बरं. एआयकडून ढिगाने मजकूर छापणाऱ्या वेबसाइट्सवर गूगलने मार्च 2024 पासून नियम कडक केलेत. फोटोही स्वतःचेच टाका.

जाहिरातदार: गूगल दुसरा, शेजारी पहिला

खरी कमाई इथे आहे. तारकर्ली, देवबागचे होमस्टेवाले, मालवणातली खानावळ, कोकम आगळ आणि मसाला विकणारी ताई, गाडी भाड्याने देणारा. यांना हवा असलेला पर्यटक तुमच्या पानावर आधीच आलेला आहे.

समजा सहा जणांनी महिन्याला 400 रुपये दिले. झाले 2,400 रुपये. तेच 300 रोजचे वाचक, पण ॲडसेन्सच्या पाचपट. दोन्ही एकाच पानावर ठेवायला हरकत नाही.

विचारायला जाताना हात हलवत जाऊ नका:

1. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे. किती लोक काय शोधून आले, ते मोबाइलवर उघडून दाखवा.
2. जाहिरातीत व्हॉट्सॲपची लिंक द्या आणि तिच्यात "वेबसाइट बघून मेसेज करतोय" हे वाक्य आधीच भरून ठेवा. किती गिऱ्हाइकं आली ते मालक स्वतःच मोजेल.
3. पैसे ऑक्टोबर ते मे या सीझनचेच घ्या. जुलैत रिकाम्या खोल्यांचे पैसे मागितलेत तर पुढच्या वर्षी दार उघडणार नाही.
4. वर "जाहिरात" असं स्पष्ट लिहा. पैसे घेऊन दिलेल्या लिंकला "स्पॉन्सर्ड" टॅग लावा, गूगलचा तसा नियम आहे.

आणि हो, जिथे तुम्ही स्वतःच्या पाहुण्यांना पाठवणार नाही, त्याची जाहिरात घेऊ नका. वाचक एकदा फसला की परत येत नाही.

खातं बंद पडायची कारणं

- स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करणं. "माझ्या वेबसाइटवर जाऊन जाहिरात दाबा रे" असा मेसेज वाडीच्या ग्रुपवर टाकणं हेही त्यातच आलं.
- "रेडीमेड अप्रूव्ह खातं" विकत घेणं. एका माणसाला एकच खातं, आणि ते स्वतःच्या नावावर.
- पत्ता अर्धवट लिहिणं. 10 डॉलर झाले की गूगल पडताळणीचा पिन साध्या टपालाने पाठवतो. पोस्टमन ओळखतो तसाच पत्ता द्या: वाडी, मु. पो. कट्टा, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग, पिनकोड. चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती थांबतात.

खात्यावरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळू द्या. हे उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचं असतं, म्हणून परदेशातून रक्कम आल्याची बँकेची पावती जपून ठेवा आणि एकदा सीएशी बोलून घ्या.

सुरुवात कशी कराल?

ब्लॉगरवर फुकट सुरू करा आणि फक्त स्वतःचं डोमेन विकत घ्या. तीन वर्षांचं होस्टिंग आधीच भरून ठेवू नका. पहिले तीन महिने आठवड्याला दोन पानं लिहा, मग ॲडसेन्सला अर्ज करा. दिवसाला शंभरेक वाचक दिसायला लागले की पहिल्या होमस्टेवाल्याकडे जा. नोकरी सोडायचा विचारही नको, हा जोडधंदा आहे.

आजचा गृहपाठ: पर्यटक किंवा चाकरमानी तुम्हाला फोन करून जे विचारतात, असे दहा प्रश्न वहीत लिहून काढा. तीच तुमच्या वेबसाइटची पहिली दहा पानं. सर्च कन्सोल कसं जोडायचं ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवतो. भेटूया!