बाजूने सुरुवात, मध्यावर नजर

बुद्धिबळाचा पट मांडला की बहुतेक जण राजापुढचे किंवा वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवतात. शाळेत आम्हांलाही हेच शिकवले होते, आणि त्यात काही वावगे नाही. पण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एक अडचण येते. शिकवणीला जाणारे खेळाडू या सुरुवातींच्या पंधरा-पंधरा खेळ्या पाठ करून येतात. ज्याला शिक्षक नाही आणि हिशेबाच्या अभ्यासातून वेळही फारसा उरत नाही, त्याने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर मला यंदा मे महिन्याच्या सुटीत मिळाले, वडोदऱ्यास दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मामांकडे. ते उत्तर म्हणजे बाजूची सुरुवात.

या पद्धतीत पांढरा पहिल्या खेळीत वजिराच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे सरकवतो. हिला इंग्लिश ओपनिंग म्हणतात. १८४३ साली पॅरिसमध्ये इंग्लंडच्या स्टॉन्टनने फ्रान्सच्या सेंट आमांला हरवले. त्या सामन्यात स्टॉन्टन ही खेळी अनेकदा खेळला होता. त्यावरून हे नाव पडले.

मी मामांना विचारले, "मामा, पण मग मधली घरे सोडूनच द्यायची का?" ते म्हणाले, "अरे, मांडवी बघितलीस ना? तिच्यापासून चार रस्ते चार दरवाजांकडे जातात. लहेरीपुरा, चांपानेर, पाणी आणि गेंडी हे चार दरवाजे ज्याच्या हाती, त्याला चौकात जाऊन उभे राहायची गरज काय?"

या सुरुवातीचे सारे मर्म यात आहे. पहिल्या प्याद्याचा मारा डी ५ या घरावर असतो. वजिराच्या बाजूचा घोडा सी ३ वर आला की तोही तेच घर धरतो. मग राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवायचे आणि मोकळ्या झालेल्या जी २ या घरात उंट बसवायचा. लांबच्या तिरप्या रेषेत त्याची नजरही तिथेच पोचते. म्हणजे एकाच घरावर तिघांचा मारा झाला, आणि आपली मधली दोन्ही प्यादी अजून घरीच! काळ्याने तिथे प्यादे आणले तर आपण बाजूचे प्यादे देऊन त्याचे मधले प्यादे घेतो. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे, तर हा सौदा फायद्याचा आहे.

काळा सावकाश खेळला तर आपला हत्ती बी १ वर आणावा आणि त्याच्यापुढचे प्यादे बी ५ पर्यंत न्यावे. काळ्याचा सी ६ वरील घोडा तिथून हुसकला जातो आणि त्याचा मध्यावरचा ताबा ढिला पडतो.

एक धोका मात्र लक्षात ठेवावा. किल्लेकोट केल्यावर जी २ वरचा उंट हा आपल्या राजाचा पहारेकरी असतो. काळा आपला उंट एच ३ वर आणून त्याची मारामारी करू पाहतो. म्हणून हत्ती वेळीच ई १ वर न्यावा. मग आपला उंट एच १ च्या कोपऱ्यात मागे घेता येतो आणि हत्तीही सुरक्षित राहतो.

ही चाल परदेशी वाटली तरी तिच्यामागची दृष्टी आपल्याला परकी नाही. जुन्या देशी खेळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालत असे, त्यामुळे उंट बाजूला बसवून सावकाश मोर्चा बांधण्याची सवय आपल्याकडे होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्याजवळचे मोहेशचंद्र बॅनर्जी हे कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी असेच खेळत. त्या डावांवरूनच पुढे काळ्याच्या अशा बचावांना 'इंडियन' नाव मिळाले. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये रेटीने दोन्ही उंट बाजूला बसवून जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. आठ वर्षांतली कापाब्लांकाची ती पहिलीच हार होती.

मराठीत बुद्धिबळ, वडोदऱ्यात शेतरंज, आपल्या कन्नड मित्रांच्या घरी चदुरंग. नावे तीन असली तरी पट एकच. या सुरुवातीत पाठांतर अगदीच नको असे नाही. पण हेतू समजला तर आठवणीबाहेरच्या खेळीलाही उत्तर सुचते. नुसते पाठांतर करणाऱ्याचे तिथेच अडते. पुढील महिन्यात आपल्या महाविद्यालयाच्या संघाची निवड आहे. जागा मोजक्या आहेत आणि पाठांतरवाले पुष्कळ. मी तिथे हीच सुरुवात खेळणार आहे. ज्यांना सराव करायचा असेल त्यांनी मधल्या सुटीत पट घेऊन यावे. काळी मोहरी घेऊन हिला तोडीस तोड उत्तर देणारा भेटला, तर माझाही अभ्यास होईल.