कॅमेरा कधी सुरू झाला?

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 1989 साली एका तरुणीवर अमानुष अत्याचार झाले आणि 14 ते 16 वर्षांची पाच मुलं पकडली गेली. त्यांतल्या चौघांचे कबुलीजबाब व्हिडिओवर होते, ते ज्यूरीने पाहिले आणि पाचही जण दोषी ठरले. 2002 मध्ये खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, डीएनएही त्याचाच निघाला आणि पाचही शिक्षा रद्द झाल्या. कॅमेरा तेव्हाही होता. तो सुरू झाला तो तासन्‌तासांच्या चौकशीनंतर, मुलं बोलायला तयार झाल्यावर.

म्हणून चौकशी पहिल्या प्रश्नापासून ध्वनिमुद्रित किंवा चित्रित व्हावी, ही मागणी अमेरिकेत जोर धरत गेली. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच ते बंधनकारक केलं होतं. 2003 मध्ये इलिनॉयने खुनाच्या तपासासाठी तसा कायदा केला. तो पुढे रेटणाऱ्या राज्य सिनेटरचं नाव होतं बराक ओबामा. खुद्द न्यूयॉर्कमध्ये गंभीर गुन्ह्यांसाठी ही सक्ती यायला 2018 उजाडलं.

पण गावातल्या छोट्या पोलीस ठाण्याने यंत्रणा आणायची कुठून? तिथे अमेरिकी केंद्र सरकारचं ‘बर्न’ अनुदान उपयोगी पडतं. 1988 मध्ये क्वीन्समध्ये एका साक्षीदाराच्या घरावर पहारा देताना, गाडीत बसलेला असतानाच गोळ्या घालून मारल्या गेलेल्या 22 वर्षांच्या एडवर्ड बर्न या शिपायाचं नाव त्याला दिलेलं आहे. त्यातून कॅसेट आणि व्हीएचएसची जुनी यंत्रं मोडीत काढून डिजिटल कॅमेरे, माइक, सर्व्हर घेता येतात.

खरेदीच्या यादीत खोली मात्र बहुधा राहून जाते. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या लहान खोलीत आवाज घुमतो. वरून एसीच्या झोताची घरघर. घाबरलेला माणूस हळू बोलतो, मान खाली घालून बोलतो, आणि नेमकं तेच वाक्य माइकला ऐकू येत नाही. भिंतीवर आवाज शोषणारे फलक आणि खाली गालिचा, हा खर्च महागड्या कॅमेऱ्याआधी मांडायला हवा, असं माझं ठाम मत आहे. दुसरा खर्च साठवणुकीचा. अनुदान एकदा मिळतं. खुनाच्या खटल्यातलं ध्वनिचित्रमुद्रण मात्र अपिलं संपेपर्यंत, म्हणजे वर्षानुवर्षं जपावं लागतं. तो भार ठाण्याच्या स्वतःच्या अंदाजपत्रकावर येतो.

इंग्लंडच्या जुन्या यंत्राबद्दल मला विशेष आदर वाटतो. 1984 च्या पोलीस कायद्यानंतर तिथे दोन कॅसेटवर एकाच वेळी ध्वनिमुद्रण करणारं यंत्र ठाण्याठाण्यांत आलं. संशयितासमोर नव्या कॅसेटची वेष्टनं फोडायची, सुरुवातीला यंत्राचा लांबलचक सूर वाजू द्यायचा, तो थांबला की बोलायला सुरुवात. चौकशी संपली की एक कॅसेट त्याच्याच डोळ्यांदेखत सीलबंद करून तिच्या लेबलावर त्याची सही घ्यायची. दुसरी कामकाजाची प्रत. नंतर फेरफार झाल्याचा आरोप करायला कुणालाच जागा उरत नसे. ना पोलिसाविरुद्ध, ना आरोपीविरुद्ध. आजचा सर्व्हर घेतानाही एवढाच चोख पुरावा मागितला पाहिजे: फाइल कुणी, कधी उघडली याची नोंद.

कॅमेऱ्याची दिशाही तितकीच महत्त्वाची. ओहायो विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डॅनियल लासिटर यांनी प्रयोगांतून दाखवलं की फक्त संशयिताचा चेहरा दिसला, तर पाहणाऱ्याला कबुली अधिक स्वेच्छेची वाटते. विचारणारा आणि सांगणारा दोघंही सारखे दिसले, की दबाव डोळ्यांत भरतो. न्यूझीलंडच्या पोलिसांनी दोघांना चौकटीत घेण्याची पद्धत स्वीकारली. त्यासाठी जादा पैसा लागत नाही, कॅमेरा बाजूच्या भिंतीवर बसवावा लागतो.

आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेली कबुली सहसा पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याचं पहिलं काम कोठडीतली मारहाण रोखणं. 2014 मध्ये वडाळ्यातल्या कोठडी मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या ठाण्यांत कॅमेरे बसवायला सांगितलं. 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर तोच आदेश दिला: आवाजासह चित्रण, रात्रीही दिसेल असं, आणि शक्यतो 18 महिने जपलेलं. सप्टेंबर 2025 मध्ये ठाण्यांत चालू कॅमेरेच नाहीत, म्हणून त्याच न्यायालयाला स्वतःहून हा विषय पुन्हा हाती घ्यावा लागला.