बाळंतिणीच्या आहारात बी-१२ आहे का?

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी. बाळंतिणीच्या खाण्याची आपल्याकडे किती निगुतीने काळजी घेतली जाते! ‘बाळंतीण खाईल ते बाळाच्या अंगी लागतं’, असं घरातली मोठी माणसं सांगतात. काही पोषकद्रव्यांच्या बाबतीत हे अगदी खरं आहे, काहींच्या बाबतीत नाही. हा फरक प्रत्येक घराला ठाऊक हवा.

फोलेट घ्या. आईच्या आहारात ते कमी पडलं, तरी स्तनग्रंथी ते रक्तातून ओढून घेतात आणि दुधातलं प्रमाण बराच काळ टिकवून धरतात. बाळाला ते पुरतं, पण आईच्या रक्तातला साठा आटत जातो. कॅल्शियमचंही तसंच. दुधातल्या कॅल्शियमचा काही भाग आईच्या हाडांतून येतो. अंगावरचं दूध बंद झाल्यावर ही झीज बहुतेक भरून निघते. म्हणजे इथे तूट आई सोसते.

बी-१, बी-२, बी-६, बी-१२ आणि ‘अ’ या जीवनसत्त्वांचं गणित वेगळं आहे. आईच्या शरीरात ती कमी असली, तर दुधातही कमी उतरतात. दूध भरपूर येत असतं, बाळ पोटभर पीत असतं, त्यामुळे उणीव कुणाच्या लक्षात येत नाही.

यात आपल्याकडे सर्वांत मोठा प्रश्न बी-१२चा. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा बाळांचं वर्णन केलं. बाळं केवळ अंगावरच्या दुधावर होती. ती मलूल, फिकट झाली होती, शिकलेल्या हालचाली विसरत होती, हातपाय थरथरत होते, त्वचा काळवंडली होती. त्यांच्या आयांमध्येही बी-१२ची कमतरता होती. हे जीवनसत्त्व मिळालं की अशी बाळं लवकर सुधारू लागतात. उपचाराला उशीर झाला, तर मात्र मेंदूच्या वाढीतली उणीव मागे राहू शकते.

बी-१२ जिवाणू तयार करतात. आपल्याला ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातून मिळतं. डिंक, अळीव, मेथीत इतर गुण भरपूर आहेत, बी-१२ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३पासून जवळपासच्या गावांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तिथे निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळलं, फोलेटची कमतरता मात्र क्वचितच. सरकारी योजनेत बाळंतपणानंतर १८० दिवस जी गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतं. ती घ्यायलाच हवी, पण बी-१२ची उणीव तिने भरत नाही.

ही उणीव भरता येते. बेंगळुरूमध्ये गर्भवतींना रोज ५० मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन, बाळंतपणानंतरही सहा आठवडे ते चालू ठेवून अभ्यास झाला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: आईचं रक्त, तिचं दूध आणि बाळाचं रक्त, तिन्हींत बी-१२ वाढलं.

‘ड’ जीवनसत्त्व मात्र अंगावरच्या दुधात मुळातच तुटपुंजं असतं. म्हणून बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब देतात. हे थेंब विसरू नका.

यातलं काहीही वाचून अंगावरचं दूध तोडू नका. पहिले सहा महिने बाळाला तेच हवं. शाकाहारी घरात बाळंतिणीला रोज दूध-दही मिळायलाच हवं, आणि गरोदरपणात नाव नोंदवतानाच डॉक्टरांना बी-१२ची तपासणी आणि गोळीबद्दल विचारा. बाळात ही कमतरता सापडली, तर आईवरही त्याच वेळी उपचार करून घ्या.