भाताच्या कडा करप्याचे जंतू पिवळे का असतात?

भात पोटरीवर येण्याच्या सुमारास पावसाची झड व वारा काही दिवस टिकला की काही खाचरांतील पाने शेंड्याकडून व कडेने पिवळी पडू लागतात. नागमोडी पट्टा पानाच्या कडेने खाली उतरत जातो आणि अखेरीस पान पेंढ्यासारखे वाळते. हाच कडा करपा होय. पालाशाच्या अभावानेही पानांच्या कडा करपतात. दोहोंत गल्लत होऊ नये म्हणून एक सोपी परीक्षा करावी. रोगट व हिरवा भाग जेथे मिळतात तेथे पान कापून तो तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात उभा धरावा. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधाळ धार उतरू लागली, तर रोग जंतूंचा समजावा. सकाळी रोगट पानावर दिसणारे व पुढे वाळून पिवळ्या कणांसारखे होणारे थेंब म्हणजे याच जंतूंचा समुदाय होय.

जपानच्या फुकुओका भागात हा रोग १८८४ साली प्रथम दिसला. भारतात त्याची पहिली नोंद १९५१ सालची असून ती तत्कालीन कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील आहे. १९६३ साली बिहारमधील शहाबाद जिल्ह्यात त्याची मोठी साथ आली.

या जंतूंच्या वर्गास झँथोमोनास म्हणतात. नावातील ‘झँथो’ या ग्रीक शब्दाचा अर्थच पिवळा असा आहे. त्यांच्या रंगद्रव्याचे नाव झँथोमोनॅडिन. मिठागरात मीठ काढून उरलेल्या पाण्यात जे ब्रोमीन असते, तेच या रंगद्रव्याच्या रेणूत आढळते, ही मोठी नवलाची गोष्ट होय.

जंतू हा रंग स्वतःच्या शरीरात विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, साहाय्याने घडवितो. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. साखरेपासून निघालेल्या साध्या पदार्थांपासून विकरांची एक मालिका प्रथम वलयाकार रेणू तयार करते. त्यातील एका वलयाला दुसरी विकरे कार्बनचे दोन-दोन अणू जोडीत लांब साखळी गुंफतात. चरबीचे रेणू बनतात, जवळजवळ त्याच रीतीने हे चालते. तयार रंग जंतूच्या बाह्य पटलात नेऊन बसविण्यासाठी आणखी एक निराळे प्रथिन लागते. ते बिघडले तर रंग बनतो, पण योग्य जागी पोहोचत नाही.

हा रंगच पान जाळतो, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो खरा नाही. रंग हे विष नसून छत्री आहे. पानावर बसलेल्या जंतूवर ऊन पडले की प्रकाश व प्राणवायू यांच्या संयोगाने त्याच्या पटलाची हानी होते. ही हानी रंगद्रव्य रोखते, असे हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधनाने १९९७ साली दाखविले. कोबीवर्गीय पिकांवरील काळ्या कुजीच्या जंतूंतही असेच आढळते. रंग नसलेले जंतू पानावर फार काळ तग धरीत नाहीत व पानाच्या कडेच्या जलरंध्रांतून कमी प्रमाणात शिरतात. मात्र तेच जंतू जखमेतून आत सोडले, तर रोग पूर्ववत होतो!

हैदराबादलाच २००१ साली भाताच्या जंतूंचा एक निराळा प्रकार तपासण्यात आला. त्याच्यात वलये घडविणाऱ्या मालिकेतील एक विकर बिघडलेले होते. त्याचा रंग गेला आणि रोग करण्याची शक्तीही गेली. कारण याच वलयांपासून जंतू प्रथिनांना लागणारी काही आवश्यक द्रव्येही बनवितो. मग ही मालिकाच औषधाने बंद का पाडू नये, असे कोणी विचारील. पण तीच मालिका भाताच्या रोपातही असते. ग्लायफोसेट हे तणनाशक तिच्यावरच घाव घालते व म्हणून पिकालाही मारते.

तेव्हा शेतकऱ्याच्या हाती राहते ती जखम. तेथून शिरणाऱ्या जंतूला छत्रीची फारशी गरजच पडत नाही. लावणीच्या वेळी उंच रोपांचे शेंडे खुडण्याची चाल म्हणूनच सोडून द्यावी. खुडलेला प्रत्येक शेंडा हे उघडे दार होय. ओल्या पिकातून विनाकारण फिरू नये. रोगट खाचराचे पाणी शेजारच्या खाचरात सोडू नये. नत्रखत एकदम न देता हप्त्यांनी द्यावे, आणि रोग दिसताच पुढील हप्ता थांबवावा. रोगट पिकाचे बियाणे राखू नये.

जेथे दरवर्षी कडा करपा येतो, तेथे ग्रामसेवकांनी प्रतिकारक वाणाची चौकशी करावी. वरील केंद्राने हैदराबादच्याच भात संशोधन संस्थेच्या सहकार्याने तीन प्रतिकारक जनुके एकत्र आणलेला सुधारित संबा मसुरी हा वाण २००८ साली प्रसारित झाला आहे. तो आपल्या जमिनीस व हंगामास मानवेल की नाही, हे जवळच्या कृषि संशोधन केंद्रात विचारून मगच लावणी करावी.