मोटार कंपन्यांचा वादा आणि धुराचे माप

मोटारीच्या धुरात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि वर्तमानपत्रे त्यांची नेहमी गल्लत करतात. एक म्हणजे विषारी वायू, ज्यांनी डोळे चुरचुरतात, छाती भरते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवून ते बरेच कमी करता येतात. दुसरा कार्बन डायॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, पण पृथ्वीचे तापमान वाढते ते प्रामुख्याने त्याच्यामुळे. एक लिटर पेट्रोल जळाले की तो सुमारे २.३ किलो बाहेर पडतो आणि त्याला अडवणारे यंत्र मोटारीत नसते. तो कमी करायचा तर इंधनच कमी जाळले पाहिजे; म्हणजे गाडी लहान, हलकी किंवा विजेवरची हवी. कंपन्यांचे दुखणे नेमके इथेच आहे, कारण मोठ्या, जड गाडीवर नफा जास्त सुटतो.

अमेरिकन कंपन्यांनी आधी सरळ विरोध केला. फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर 'ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन' या गटात होत्या. तापमानवाढीचे शास्त्र अजून पक्के नाही, तेव्हा सक्ती नको, हे या गटाचे म्हणणे. डिसेंबर १९९९ मध्ये फोर्ड बाहेर पडली, पुढच्या काही महिन्यांत बाकीच्या दोघीही. युरोपच्या कंपन्या जास्त हुशार निघाल्या. त्यांनी नकार दिला नाही, वादा केला.

१९९५ मध्ये युरोपात विकली जाणारी नवी गाडी दर किलोमीटरला सरासरी सुमारे १८५ ग्रॅम कार्बन डायॉक्साइड सोडत असे. हे प्रमाण २००८ पर्यंत १४० वर आणू, असे युरोपीय उत्पादकांच्या संघटनेने १९९८ मध्ये लिहून दिले. बदल्यात कायदा टळला. वादा मोडला तर दंड किती, हे त्यात कुठेच नव्हते. बिनतारखेच्या हुंडीची किंमत आपल्या बाजारात कोणालाही विचारा! २००८ उजाडले तेव्हा सरासरी १५४ च्या आसपास होती.

मग २००९ मध्ये कायदा झाला : २०१५ पर्यंत १३० ग्रॅम. जड गाड्या बनवणाऱ्या जर्मन कंपन्यांनी आपल्यासाठी मर्यादा सैल करून घेतली, ही गोष्ट खरी. पण दंड ठरला. २०१९ पासून मर्यादेवरच्या प्रत्येक ग्रॅमला, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ९५ युरो. एक लाख गाड्या आणि एकच ग्रॅम जास्त, तरी ९५ लाख युरो गेले. जे दहा वर्षांत जमले नव्हते ते आता लवकर जमले. १३० चा आकडा २०१३ मध्येच मागे पडला.

मात्र हे माप प्रयोगशाळेतले होते. रुळांवर गाडी फिरवायची, जेमतेम वीस मिनिटे आणि अकरा किलोमीटर. एसी बंद. गज कसा धरायचा हे विकणाऱ्यालाच ठरवू दिले तर कापड नेहमी पुरतेच. रस्त्यावरचा खरा आकडा कागदावरच्यापेक्षा पुढे पुढे चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त भरू लागला. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली, ती विषारी वायूंची. चाचणी चालू आहे हे ओळखणारी युक्ती तिने जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत घातली होती. त्यानंतर २०१७ पासून युरोपात चाचणी कडक झाली आणि विषारी वायूंसाठी ती रस्त्यावरही होऊ लागली. तरी कंपन्यांची सवलतीची मागणी थांबली नाही. २०२५ ची मर्यादा जड जाते म्हणून २०२५ ते २०२७ अशी तीन वर्षांची सरासरी धरण्याची मुभा त्यांनी मिळवलीच.

आपल्याकडेही मोटारींना कंपनीवार सरासरी मर्यादा आहे : २०१७-१८ पासून १३० ग्रॅम आणि २०२२-२३ पासून ११३. इथलेही माप प्रयोगशाळेतलेच. म्हणून नवी गाडी घेणाऱ्या व्यापारी बंधूंनी जाहिरातीतल्या मायलेजवर महिन्याच्या खर्चाचा हिशेब मांडू नये. तीच गाडी चालवणाऱ्या ओळखीच्या माणसाला टाकी भरून भरून किती पडते ते विचारावे आणि तोच आकडा वहीत धरावा.